उजेडात न सापडलेला

ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर जर्मनीत आलो, पुढे इथल्याच पोलीस दलात नोकरी केली. कायझर्सलाउटर्नजवळच्या एका बंद खाणीत तेव्हा गुहेत राहणारे सॅलॅमँडर सांभाळत. फिकट, वीतभर, आंधळा प्राणी. दक्षिणेकडच्या मूळ गुहांतले पाणी दूषित होत चालल्याने जात धोक्यात आलेली. त्यांतली अंड्यावर आलेली एकमेव मादी कुंडातून नाहीशी झाली.

निनावी फोन आला : सांभाळणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने ती विकली. मुलगा पुण्याचा. गुन्हा दाखल झाला असता तर त्याचे संशोधन आणि व्हिसा दोन्ही गेले असते. आम्ही टॉर्च मारून कुंड पाहिले. काही नाही.

मुलाखेरीज आत जाई ती फक्त त्याची आई, संध्याकाळी डबा घेऊन. तिला जर्मन येत नसल्याने जबाब मी मराठीत घेतला. मुलगा शेजारीच बसला होता.

"तिला कोण नेणार हो साहेब? डोळे नाहीत, रंग नाही!"

"ताई, तुम्ही आत काय करायचात?"

"दिवेलागणीला कुंडाच्या काठावर बॅटरीचा दिवा ठेवायचे. हा बाहेरच्या खोलीत जेवला की उचलायचे. पोटुशी बाई, तिन्हीसांजेला अंधारात ठेवायची का?"

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, तिला डोळे नसले तरी कातडीला उजेड कळतो गं! ती लपते!"

"मग सांगायचंस की! काही विचारलं तर 'हो' म्हणायचं सोडून इथल्यासारखं नुसतं 'या, या' करतोस. मला वाटतं, आत या म्हणतोय!"

मी हे जर्मनमध्ये सांगितल्यावर माझा सहकारी म्हणाला, "आल्झो, म्हणजे मग चोरी कुठाय?"

मी सगळे टॉर्च बंद करायला लावले. आम्ही बाहेर थांबलो. बऱ्याच वेळाने मुलगा एकटाच, तिला फारसा न जाणवणारा मंद लाल दिवा घेऊन आत गेला आणि आतूनच ओरडला, "आई, आहे!" कपारीतून मादी बाहेर आली होती. ताई तिथेच खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी फाइल बंद केली.

हरवलेल्याला कोणी नेले, हे विचारण्याआधी तो बाहेर का येत नाही, हे पाहावे, एवढे मी त्यातून शिकलो.

यंदा पत्नी गेली. मी खोलीतून फारसा बाहेर पडत नसे. मुलीला हे प्रकरण मीच कधीतरी सांगितले होते. ती दार ठोठावत नाही, दिवाही लावत नाही. शेजारच्या खोलीत चहा करून थांबते.

हल्ली मी येतो.