दाबून धरलेलं बटण

नाखवाकाका एका हातानं कधीच यंत्र चालू करत नसत. उजवा हात कॉम्प्युटरच्या खटक्यावर, डाव्या हातानं माउसचं बटण दाबलेलं, आणि पडद्यावरची अक्षरं थांबेपर्यंत दोन्ही हात तसेच. "रिकामा हात नको तिथं जातो, बाय," म्हणायचे. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं पत्रा कापायचा प्रेस चालवला होता. शेजारच्याची तीन बोटं गेलेली पाहिली होती. कारखाना बंद पडला आणि चेंदणी कोळीवाड्यातला हा पन्नाशीचा माणूस आमच्या वर्तकनगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकायला आला.

मी तिथे अर्धवेळ शिकवत असे. मालकांनी कुठल्याशा ऑफिसातून पाच जुनी मशीनं उचलून आणली होती. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स फुकट असतं हे ऐकून ते त्यांवर चढवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. लिनक्स चढलं, पण ते तीन बटणांचे जुने माउस ऐकेनात. जरा हलवला की पडद्यावरचा बाण उडी मारून कोपऱ्यात! आठवडाभर सेटिंग बदलून बदलून मी रडकुंडीला आले. काका बसले की मात्र तोच माउस गरीब गाय. मालक खूश झाले. म्हणाले, "काका, एक तारखेपासून लॅब तुम्ही सांभाळा. पक्की नोकरी." ती नोकरी मला हवी होती, म्हणून राग आला होता, पण काकांचा चेहरा बघून तो टिकला नाही. दोन वर्षांनी त्यांना कुणीतरी कामाला या म्हणत होतं.

काकांनाच चैन पडेना. "मलाच का ऐकतो गं हा?" मला शेजारी बसवून त्यांनी मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. एकदा डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला, आणि बाण कोपऱ्यात! सुरू होताना डावं बटण दाबलेलं असेल तरच तो माउस तीन बटणांचा होऊन चालत होता; एरवी स्वतःला दोन बटणांचा समजून कॉम्प्युटरला भलत्याच खुणा पाठवत होता.

मी हळूच म्हटलं, "काका, हे कुणाला सांगू नका. तुमच्यावाचून चालत नाही म्हणून तर नोकरी आहे."

"अगं, एकाच माणसाच्या हाताखाली चालते ती मशीन बिघडलेलीच. काय कामाची ती?"

त्यांनी ठळक अक्षरांत कागद लिहून भिंतीला चिकटवला. मालकांनी वाचला, करून पाहिलं. "मग काय, हे कुणालाही जमेल," म्हणाले, आणि नोकरी मला दिली.

मी ती घेतली. घरी गरज होती हे खरं, आणि लाज वाटली हेही खरं. एक तारखेला काकांना तोंड कसं दाखवू या धास्तीत मी पोचले, तर ते पायरीवर उभे. आत आले, मला खुर्चीत बसवलं. मी खटका दाबला. दुसऱ्या हातानं माउसचं बटण दाबलं आणि लगेच बोट उचलायला गेले.

"घाई नाय करायची," ते म्हणाले. "अक्षरं थांबू दे. हां. आता सोड."