तानुबाईचे झुबे

तानुबाईच्या कानातले झुबे शंभर वर्षांपूर्वीचे, तिच्या आजेसासूच्या सासूने घडवून घेतलेले. खाली थेंबासारखे सोन्याचे लोलक आणि वर भोकात घालायची दांडी अशी जाड, की त्या काळच्या बाया कानांनी काय काय पेलायच्या कोण जाणे! घराची रीत एकच. सासूने ते आपल्या कानातून काढून आपल्या हाताने सुनेच्या कानात घालायचे. डबीत घालून द्यायचे नाहीत. नवरा किशनराव वारले तेव्हा तानुबाईच्या बांगड्या गेल्या, कुंकू गेलं. झुबे तेवढे या रीतीपायी राहिले.

पोटी मूल नव्हतं. पुतण्या लिंबाजी पालमला मास्तर होता. चौऱ्याहत्तर साली त्याचं लग्न झालं. बायको रुख्मिणी. झुबे आता तिच्याच कानात जायचे, पण तिच्या कानांना सुईएवढी भोकं. दांडी कुठली जातेय! मग तानुबाईने जुना उपाय काढला. भोकात ज्वारीच्या धांड्याची बारीक काडी घालायची, आठ दिवसांनी जरा जाड, मग आणखी जाड. त्यासाठी रुख्मिणी दर आठवड्याला यष्टीने येऊ लागली.

त्या दिवशी तानुबाई ताज्या भाकरी थापायची. एरवी एकटीसाठी चूल पेटवायचाही तिला कंटाळा. पोर बडबडी होती. कान हातात देऊन पालमच्या सगळ्या गोष्टी सांगायची. तिसऱ्या खेपेला तानुबाईच्या मनात आलं. भोक मोठं झालं की झुबे जाणार, आणि मग ही कशाला येईल? तिने तेवढ्याच जाडीची काडी पुन्हा घातली. म्हातारी लबाड खरी, पण तिच्या दाराशी दुसरं फिरकत तरी कोण होतं? पुढचे सहा महिने तिने हेच केलं.

एके दिवशी रुख्मिणी रडवेली होऊन आली. लिंबाजीची बदली झाली होती, पार देवगाव फाट्याच्या पलीकडे.

"उद्याच निघायलोत, आत्याबाई. आज घालाच झुबे."

तानुबाईने झुबे काढले. दांडी पोरीच्या कानाला टेकवली, दाबली. रुख्मिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दांडी काही जाईना.

"सहा महिने झाले, आत्याबाई. समद्यांचे कान हुतेत, माजाच का हुईना?"

खरं सांगायची हीच वेळ होती. शब्द ओठांवर आलाही. पण हे कळल्यावर ही पोर पुन्हा आपलं तोंड बघणार नाही.

"तुजा कानच कच्चा हाय, बाई," तानुबाई म्हणाली.

रुख्मिणीने लाल झालेला कान चोळला आणि वाकून ती तिच्या पाया पडली.

"चुकलंच माजं," ती म्हणाली. "तुमाला लय तरास दिला."