लिंबापासून तेरा मीटर

भानामती, करणी, अंगात येणं यांवर माझा विश्वास नाही, एवढंच म्हणून भागणार नाही. मला त्यांचा राग येतो. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे ताईत-गंडे त्यांनी चुलीत घातले आणि आईला सांगितलं, की यापुढे या घरात ज्याला जे बोलायचंय ते त्याने तोंडाने बोलायचं. मी तशा घरात वाढले. पुढे एकतीस वर्षं नांदेडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे माझ्या बाबतीत हे घडलं तेव्हा मी घाबरले नाही. मी चिडले... आणि खरं सांगायचं तर अजून चिडलेलीच आहे.

सिद्धू, मैत्रेयी, तुम्ही कॅलगरीहून फोनवर तीन वेळा विचारलंत, "आजी, नेमकं काय झालं ते लिहून काढ." म्हणून लिहिते. माझ्या या सदराच्या बाकीच्या वाचकांना आधी थोडं सांगायला हवं.

माझ्या नातवंडांना जिओकॅशिंगचा छंद आहे. कुणीतरी एक छोटा डबा कुठेतरी लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं आणि जगातलं कुणीही ते आकडे घेऊन तो डबा शोधायला निघतं. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ही दोघं आली तेव्हा त्यांनी असा एक डबा आमच्या गावात लपवला. गाव अहमदपूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर. तिथे माझ्या नणंदेचं, म्हणजे गयाआक्काचं, दोन एकर शेत आहे आणि शेताच्या कडेला एक जुना लिंब, म्हणजे कडुलिंब, आहे. त्या लिंबाच्या ढोलीत डबा ठेवला. आक्काची परवानगी विचारली तर ती म्हणाली, "ठिवा की. लिंबाला काय घरपट्टी लागायलीय?"

जाताना सिद्धूने आपलं पिवळं जीपीएस यंत्र माझ्याकडे दिलं. हातात मावणारं, बटणांचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. महिन्यातून एकदा जाऊन डबा कोरडा आहे ना, वही-पेन्सिल आहे ना, ते बघायचं काम माझं. मला अशी कामं आवडतात. नांदेडहून सकाळची एसटी, अहमदपूरला उतरून ऑटो, आक्काकडे जेवण, डबा तपासणे, परत. प्रत्येक खेपेची नोंद माझ्या वहीत आहे.

आता रागाकडे येते.

आक्का नवऱ्याने टाकलेली. सासऱ्यांनी हयातीतच जमिनीची वाटणी केली तेव्हा तिला दोन एकर दिलं. शेजारचा तुकडा धाकट्या दिराला, केरबा भावजींना. तुमच्या आजोबांनी, त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली, नोकरी आहे म्हणून काहीच घेतलं नाही. पण वाटणीची मोजणी त्यांनीच केली, कारण ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. घरचाच मोजणीदार असल्यावर पुन्हा खात्री कोण करतो? त्यांनी दगड रोवला, सगळ्यांनी मान डोलावली. दगड लिंबाच्या बुडाशी. त्यामुळे लिंबाच्या पलीकडची विहीर केरबा भावजींच्या वाट्यात गेली. आक्काला पाळीने दोन तास पाणी मिळायचं, तेही भावजींची मर्जी सांभाळून. चाळीसहून जास्त वर्षं तिने ती मर्जी सांभाळली.

गेल्या वर्षी भावजींनी ऊस लावला आणि मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. आक्काचा हरभरा वाळायला लागला. विहारासमोर गावातली चार माणसं बसली. आक्का म्हणाली, "हद्द हितं नव्हती. मला आठवतंय, दगड हिरीच्या तिकडं रोवला होता." मग मला बोलावणं आलं, आणि मी नांदेडहून जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या मोजणीत कधी वीतभर चूक निघाली नाही, दगड आहे तिथे हद्द आहे, आक्कांचं वय झालंय, त्यांना चुकीचं आठवतंय.

हे मी बोलले. ऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर म्हणाले. आक्काने घरी नेऊन मला चहा दिला. साखर घालायलाही विसरली नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला यंत्र चुकलं.

लिंबाखाली उभी होते. ढोलीतला डबा हाताला लागत होता. पण यंत्र म्हणत होतं: तेरा मीटर बाकी. बाण विहिरीवरून पलीकडे, भावजींच्या शेतात. मी विहिरीला वळसा घालून गेले तेव्हा आकडा कमी होत होत शून्य झाला. तिथे काही नव्हतं. ढेकळं होती. ऊस रानाच्या वरच्या अंगाला, हा कोपरा पडीक.

सिद्धू, तू फोनवर म्हणालास, "झाडाखाली सिग्नल उड्या मारतो, आजी. बंद करून चालू कर." बंद करून चालू केलं. सेल बदलले. यंत्रातले आकडे वहीतल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले, बरोबर होते. फोनवरचा नकाशा लिंबच दाखवत होता. यंत्र मात्र तेरा मीटर. मी तिथे एक विटकर ठेवून आले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले तर शून्य त्या विटकरीवरच. सिग्नलच्या उड्या अशा एकाच जागी पडत नाहीत, एवढं मलाही कळतं. आणि नांदेडला माझ्या अंगणातल्या नळाची खूण याच यंत्रात आहे, ती हेच यंत्र बिनचूक दाखवतं.

तिसऱ्या खेपेला मी वैतागून यंत्र आक्काच्या हातात दिलं. तिने डोळ्यांजवळ धरलं.

"हे तर लिंबाकडंच बोट दावायलंय," ती म्हणाली.

मी पाहिलं. खरंच. बाण लिंबाकडे, अंतर एक मीटर. परत माझ्या हातात घेतलं. तेरा मीटर, विहिरीपलीकडे. पुन्हा तिच्याकडे दिलं, लिंब. चार वेळा केलं. भर दुपार, आभाळात एक ढग नाही.

"तुझ्या नवऱ्यावानीच हाय की हे," आक्का म्हणाली. "माझ्याशी एक बोलतंय, तुझ्याशी एक."

ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही, कारण यंत्राचं शून्य आक्का म्हणत होती त्याच अंगाला, विहिरीच्या तिकडे होतं, आणि तेव्हाच मला बांगड्या आठवल्या.

हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायची जुनी रीत आहे. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही, खूण मातीत राहते. तुमचे आजोबा कोळशाबरोबर काचही टाकायचे. त्यासाठी माझ्या फुटलेल्या बांगड्या मी एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवायची. मोजणीला निघताना ते मूठभर काचा रुमालात बांधून न्यायचे. म्हणायचे, "अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी तुझ्या हातांवर उभ्या आहेत." मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

"आक्का," मी म्हणाले, "सब्बल आहे का घरात?"

"कशाला?"

"खणायचंय."

ऐंशी वर्षांची ती आणि बहात्तरची मी. केरबा भावजी अहमदपूरच्या मोंढ्यात गेले होते. विटकरीच्या जागी आक्का सब्बल मारायची, मी खुरप्याने माती ओढायची. मला दम लागला तेव्हा म्हणाली, "सर बाजूला. शाळंत खडू उचलायचं काम न्हाई हे."

दोन हात खोल गेल्यावर माती काळी लागली. कोळसा. त्याच्या खाली काचा.

मोरपंखी, वर सोनेरी वेल. त्या बांगड्या तुमच्या बाबांच्या बारशाला मी घेतल्या होत्या. त्यातल्या पाच एकाच दिवशी मोरीत घसरून फुटल्या आणि तुकडे मी स्वतः त्या डब्यात भरले होते. वाटणी त्याच वर्षी झाली.

म्हणजे आक्काला बरोबर आठवत होतं.

आम्ही तशाच खड्ड्याच्या कडेला बसलो होतो तेवढ्यात भावजी आले. "माझ्या रानात काय उकरलालाव, वैनी?" असं विचारत आले आणि माझ्या ओंजळीतल्या काचा बघून उभे राहिले.

"दगड कुणी हलवला?" मी विचारलं.

ते खाली बसले. "म्या हालवला, रोवला त्याच राती," ते म्हणाले. "माय म्हनली, हिर लेकाच्या वाट्यात पायजे. लेकीला दोन एकर दिलं हेच लई झालं. मायनं सांगितलं, म्या केलं."

"आणि यांना माहीत नव्हतं?"

"दादाला? दादा दुसऱ्या दिशी सकाळी रानात आला व्हता. दगड बघितला. माझ्याकडं बघितलं. मंग चप्पल घातली अन् नांदेडची गाडी धरली. मायनं त्याला शपथ घातली व्हती, वैनी."

आक्का एवढंच म्हणाली, "दर पंचमीला मला दोन लुगडी आणायचा. मी म्हणायची, एक बास की रे. कशाला दोन, ते आत्ता कळलं."

तर बघा. ज्या माणसाने कधी एक फूट चोरला नाही म्हणून मी गावासमोर छातीठोक बोलले, त्याने आपल्या बहिणीची विहीर जाताना पाहिली आणि चप्पल घातली. शपथ घातली म्हणे. शपथ, ताईत, गंडा... हे सगळं माझ्या वडिलांनी चुलीत घातलं होतं, आणि माझ्याच संसारात ते चाळीस वर्षं निवांत नांदत होतं. रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस. आजारपणात सहा महिने माझ्या हाताने पाणी पिणारा माणूस. सांगायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मी त्याच चार माणसांसमोर उभी राहून माझे शब्द मागे घेतले आणि आक्काची माफी मागितली. ती म्हणाली, "पुरे, मास्तरीणबाई, पाय अवघडले माझे." अहमदपूरच्या कचेरीतून जुन्या नकाशाची नक्कल काढली. नकाशा तुमच्या आजोबांच्याच हातचा, आणि त्यात हद्द विहिरीच्या पलीकडे. कागदावर ते खोटं बोलले नव्हते. फक्त कागद कुणी मागितला नव्हता. मीही नाही, जी किराणा दुकानाची पावतीसुद्धा जपून ठेवते. सरकारी मोजणीदार नवं मशीन घेऊन आला, काठी उभी केली, आणि खूण आमच्या खड्ड्यावरच आली. भावजींनी कुलूप काढलं. आक्काचा हरभरा तोवर गेला होता. यंदा भुईमूग आहे, पाणी आहे.

आता कुणी म्हणेल, नकाशा होता, कोळसा होता, काचा होत्या, सगळ्याचा उलगडा झाला. एकाचा नाही झाला. यंत्राचा.

दिवाळीत तुमचे बाबा आले तेव्हा यंत्र परत घेऊन गेले. सिद्धूने ते कॉम्प्युटरला जोडलं. माणूस जिथे जिथे चालतो त्याची रेघ या यंत्रात आपोआप उमटते. सिद्धूने मला ती व्हिडिओ कॉलवर स्क्रीनवर दाखवली. गावात शिरलेली, शेतात आलेली, लिंबापाशी थांबलेली. तिन्ही खेपांना. एकदाही लिंबापुढे गेलेली नाही. विहिरीला मी जो वळसा घातला, तेरा मीटर मोजत मोजत जिथे पोचले, ते त्यात नाहीच. यंत्राच्या हिशेबाने मी पूर्ण वेळ लिंबाखाली उभी होते.

सिद्धूने ती रेघ दोनदा मोठी करून पाहिली. मग म्हणाला, "मेमरी करप्ट झाली असेल, आजी." असेल. मला त्यातलं कळत नाही. मग मला शून्याचा आकडा कुणी दाखवला, हे त्याला सांगता येत नाही आणि मलाही. खड्डा खणल्यानंतर मी आणखी दोनदा त्याच यंत्राने डबा तपासला. दोन्ही वेळा माझ्याही हातात बाण सरळ लिंबाकडे. जणू आता काही बोलायचं उरलं नाही.

आत्म्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण समजा... केवळ समजा... तर मग माझा राग दुप्पट आहे. मी होते ना घरात? माझ्याशी बोलायला मेल्यावर नातवाचं खेळणं लागलं?

एक सांगायचं राहिलं. नवा दगड रोवताना सरकारी मोजणीदाराने विचारलं, खाली काही टाकायचंय का, जुनी माणसं टाकतात. आक्काने कोळसा आणला होता. काच मी आणली होती. तुमच्या आजोबांचा जुना जाड भिंगांचा चष्मा सहा वर्षं माझ्या कपाटात होता, आठवड्याला पुसून ठेवलेला. मी तो खड्ड्यात ठेवला, भिंगं विहिरीच्या बाजूला करून.

"अगं, चांगला चष्मा हाय की," आक्का म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले. "एकदा बघून निघून गेले होते. आता बसू दे बघत."