मातीत राहिलेले बुडखे

माझी मावशी शिवणकाम करते, पण सगळ्या इमारतीत तिची ओळख अळंबीवाली म्हणूनच. रानातून कोणी काही आणलं की आधी तिच्या मशीनपाशी येतं. ती उलटसुलट बघते, वास घेते आणि "खा" नाहीतर "टाक" म्हणते. त्यावर कोणी फाटे फोडत नाही.

यंदा तिचा गुडघा धरला, म्हणून मी एकटाच रानात गेलो. त्यात काय एवढं! पांढऱ्या टोप्यांची अळंबी दिसली. निम्मी तिथेच राखली, हा मावशीचा दंडकच आहे. बाकीची सुरीने जमिनीलगत कापली, नळावर स्वच्छ धुतली आणि जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंना मूठभर देऊनही टाकली. अंगात शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

मावशीने टोपलीत हात घातला. "बुडखे कुठायत?"

"रानात. मुळं उपटायची नसतात ना?"

"अरे दीडशहाण्या, ओळखायला एक तरी अख्खी काढायची! विषारीच्या बुडाला पिशवी असते, कापली की ती मातीतच राहते. आता काय माझं कपाळ बघू?"

तरी ती बघत बसली. चष्मा काढला, घातला. दोन ढीग केले, पुन्हा एकत्र केले. चाळीस वर्षं हेच करणाऱ्या बाईला कळत कसं नाही, हेच मला कळेना. मी चिडलो. "मावशी, काय ते एकदा सांगून टाक ना!"

"खायचीच वाटतेय रे. पण नुसतं वाटून कसं चालेल?"

तेव्हा मला शेजारीणबाई आठवल्या. मी चाचरत सांगितलं. मावशी तशीच कठड्याला धरून दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरली.

खाली बाईंकडे कढई गॅसवर होती. "बंद करा," मावशी म्हणाली.

"का? तुम्ही बघितलीत ना?"

"बघितली. ओळखता नाही आली."

"तुम्हाला?" बाई एकदा कढईकडे, एकदा मावशीकडे बघत राहिल्या. "मग खायची की नाही?"

"मला कळलं नाही, म्हणजे टाकायची."

त्यांनी टाकली. वर येऊन आम्हीही टाकली. चांगलं अन्न फेकलं, की तिघाचौघांचे जीव वाचले, मला आजही सांगता येत नाही.

मावशी मशीनपुढे बसली, पण पाय हलेना. मला फार लाज वाटत होती.

"काय रे," ती म्हणाली, "आता लोक मला विचारायला येतील का?"