ताडपत्रीकाकीची मशीन

ताडपत्रीकाकी आधी रागवायची आणि मग "ये, बस" म्हणायची. आम्ही फिटर, वायरमन मंडळी हत्यारांच्या पिशव्या शिवून घ्यायला संत तुकाराम नगरात तिच्या दारी जायचो. हातातली फाटकी पिशवी दिसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "पिशवी फाटली म्हनू नगंस. तू फाडलीस. हत्यार पिशवीत ठेवतेत, कोंबत न्हाईत." एवढं झाल्यावर पाण्याचा तांब्या पुढं यायचा. मी स्वतः तापट माणूस, सुपरवायझरचं ऐकून घेत नाही, पण काकीपुढं गुमान बसायचो.

ती मूळची लातूरकडची. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला नवरा गेल्यावर तिनं चामडं शिवायची एक जुनी, अवजड मशीन मिळवली आणि तिच्यावर मुलाला वाढवलं. मालट्रकच्या टाकून दिलेल्या ताडपत्र्या आणायची, घासून धुवायची आणि त्यांच्या पिशव्या शिवायची. नाव पडलं ते त्यावरून. कापड दुहेरी, पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा, दोऱ्याला मेण चोळलेलं. तळाला चामड्याचा तुकडा कशाला, असं मी एकदा विचारलं. "पेचकसाला टोक असतंय, तुला अक्कल नसली तरी," ती म्हणाली.

माप घ्यायची तिची रीत वेगळीच होती. टेप नाही की काही नाही. सगळी हत्यारं सतरंजीवर ओतायची, पाने एकीकडं, पकडी दुसरीकडं. मग आम्ही कच्चे टाके घातलेली पिशवी कमरेला बांधून चारचौघांत उठाबशा काढायच्या, स्टुलावर चढायचं, वाकायचं. "मांडीत टोचतंय का? खरं सांग, लाजू नगं." एका वायरमनच्या टेस्टरच्या कप्प्यात तिला तंबाखूची पुडी सापडली. तिनं ती सरळ खिडकीबाहेर फेकली. "ह्या कप्प्यात टेस्टर. येसन तुज्या खिशात." तो बिचारा पुढं कधी त्या कप्प्यात पुडी ठेवायला धजला नाही.

महाळुंग्याच्या कंपनीत मी क्रेनच्या गर्डरवर पालथा पडून काम करतो. तिथं मान वळवून हत्यार शोधायला जागा नसते. हात मागं गेला की पाहिजे तो पाना बोटाला लागलाच पाहिजे, आणि काकीच्या पिशवीत तो लागतोच. कंपनीनंही मध्यंतरी नाव छापलेल्या रेक्झिनच्या पिशव्या वाटल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेल्या पिशवीत आमच्या घरी लसूण असतो.

काकीचा मुलगा महेश शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि चऱ्होलीत त्यानं फ्लॅट घेतला. आईला सन्मानानं नेलं, मशीनही नेली. बाल्कनीत ती सुरू झाली की खालचे लोक वर यायचे, "डोकं उठतं हो," म्हणायचे. काकी त्यांनाही सुनवायची. आमच्या पिशव्या मात्र शिवून मिळत होत्या.

मग दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, काकीनं नेहमीसारखी मशीनची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. त्या दिवशी ती मशीनला काय, कात्रीलाही हात लावत नसे. दसऱ्याला जुन्या शेजाऱ्यांना सोनं द्यायला ती संत तुकाराम नगरात आली आणि संध्याकाळी मीच तिला गाडीवर चऱ्होलीला सोडायला गेलो. वर जाऊन पाहतो तर बाल्कनी रिकामी. हॉलमध्ये टेबलावर एक पांढरीशुभ्र, विजेवरची घरगुती मशीन, रिबिन बांधलेली.

"आई, दसऱ्याचा मुहूर्त साधला," महेश म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. भंगारवाल्याच्या टेम्पोत मशीन चढवत होते, गळ्यात झेंडूचा हार तसाच. "बघ, हार पण काढू दिला नाही मी. मान देऊन पाठवली."

मी तसाच खाली धावलो, पत्ता काढून भंगाराचं गोदाम गाठलं. बिडाचं लोखंड घणाच्या घावानं फुटतं. ढिगात काकीच्या मशीनचं चाक तेवढं ओळखू आलं. परत आलो तेव्हा काकी नव्या मशीनवर ताडपत्री घालून बघत होती. कापडाची दुसरी घडी येताच सुई कडकन मोडली.

"आता ताडपत्री कशाला, आई?" महेश प्रेमानं म्हणाला. "नातवाला झबली शिव. आराम कर."

माझं डोकं फिरलं. "आराम? अरे, तू आईचे हात तोडून भंगारात दिलेस," मी ओरडलो. त्याचे डोळे भरून आले. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. अजून येतो. विचारायला काय जीभ झडली होती?

मोडक्या सुईचे तुकडे वेचून काकीनं कागदात गुंडाळले. मला लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पोरगं वाईट असतं तर भांडले असते रे. चांगलं हाय. आता कुनाशी भांडू?"

त्यानंतर मी दोनदा-तीनदा गेलो. काकी दार उघडायची, "ये, बस" म्हणायची, चहा करायची. रागवायची नाही. एकदा मुद्दाम उसवलेली पिशवी पुढं केली. तिनं ती हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. "दुसरीकडून घे शिवून," एवढंच म्हणाली. पुढल्या दसऱ्याच्या आतच ती गेली.

परवा महेशचा फोन आला. मी क्रेनखाली उभा होतो, चढायच्या तयारीत. म्हणाला, "दादा, आईच्या हातची एकही वस्तू घरात नाही हो. तुमच्याकडं तिनं शिवलेली पिशवी असेल तर द्या ना. फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवीन म्हणतो."

"माझ्या कमरेला आहे," मी म्हणालो. "कामावर आहे ती."

तो अगदी मनापासून म्हणाला, "पण दादा, आता जुनी झाली असेल ना ती? मी तुम्हाला त्याबदली चांगली नवी घेऊन देतो."

मी फोन बंद केला आणि शिडी चढायला लागलो.