वाइड लेन्समधले वाकडे खांब

माझ्या धाकट्या भावाला चांदण्यांचं वेड लागलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, दारूपेक्षा बरं. मुंबईत कंप्युटरपुढे बसून मान आखडलेला माणूस. सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर, वाळवंट, कुठे कुठे भटकायचा. पण नवी लेन्स पारखायला मात्र आमच्याकडे कोकणात. मुंबईच्या आकाशात चांदणी दिसायची मारामार ना! हातखंब्याला बसमधून उतरायचा, रिक्षानं वाडीत यायचा आणि चहाच्या आधी विचारायचा, "ताई, ढग आहेत काय गो?" बहीण कशी आहे ते नंतर.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी. आमच्या ह्यांनी बोटीवर हाडं झिजवून बांधलेलं. हे वर्षाचे आठ-नऊ महिने समुद्रावर, लेक पुण्याला शिकायला, मी रत्नागिरीत नोकरीला. म्हणजे त्या घरात रात्री मी एकटी. पुढे सांगते ती फोटोची गोष्ट वाटेल, पण तुम्ही एवढं ध्यानात ठेवा, की त्या टेकडीखाली मी झोपत होते.

दिवाळीत भाऊ आला तो एक जाडजूड वाइड झूम घेऊन. विकत घ्यायची का नाही ते ठरायचं होतं, म्हणून भाड्यानं आणलेली. मला त्यानं सगळं समजावलं. निसर्गाच्या फोटोला रुंद नजरेची लेन्स हवी, म्हणजे डोंगर, घर, आकाश सगळं मावतं. ताऱ्यांना भरपूर उजेड आत घेणारी हवी. आणि दोन्ही गुण एकीत असले, तरी कोपऱ्यातले तारे फिसकटता कामा नयेत. "मुलगी बघायला गेलास तर एवढ्या अटी घालू नकोस," मी म्हटलं.

घराच्या बाजूनं पऱ्या वाहतो, पावसाळ्यापुरता ओढा. त्याच्या पलीकडच्या कातळावर त्यानं कॅमेऱ्याची तिवई मांडली. तिथून टेकडी बाजूनं दिसते: डावीकडे तिचा उतार, त्यावरून वरच्या कलमांच्या बागेकडे चढत गेलेले विजेचे खांब, आणि उजवीकडे खाली आमचं घर. उजेड असताना जमिनीचा एक फोटो, काळोख पडल्यावर ताऱ्यांचा, मग दोन्ही एकत्र जोडायचे अशी त्याची पद्धत. अमावास्येचं आकाश, वर आकाशगंगा. खोटं कशाला बोलू, फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. आपलं घर इतकं सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं.

मग मी नीट बघितलं. "खांब वाकडे का रे आलेत?"

सगळेच खांब घराकडे झुकले होते.

"लेन्सचा दोष गो. वाइड लेन्स वर तोंड करून धरली की कडेच्या उभ्या गोष्टी मधे कलतात. डावीकडच्या उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे. लॅपटॉपवर सरळ करता येतात." त्यानं दोन बटणं दाबली आणि खांब ताठ उभे राहिले. मग तो कोपऱ्यातले तारे मोठे करकरून बघत बसला. त्याला ते तारे पंख फुटल्यासारखे दिसत होते आणि तेच त्याच्या जिवाला लागलं होतं. ही लेन्स नाही घ्यायची, असं त्यानं ठरवलं.

त्या रात्री मी अंथरुणावर पडले आणि मला उगीच टेकडीचं वजन जाणवू लागलं. रोज तिच्याखाली झोपणारी बाई मी, आजच काय झालं? अंगणातून बघितलं तर खांब सरळच दिसायचे. आपल्याकडे कलणारी वस्तू समोरून कललेली दिसत नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणून मी कूस बदलली.

गुढीपाडव्याला स्वारी पुन्हा हजर. आता झूम नाही, फिक्स्ड लेन्स. "हिच्यात सरळ रेष सरळच येते," म्हणाला. जागा तीच, तिवई तीच. मावळतीचा उजेड होता तेव्हा पहिला फोटो काढला आणि मला पडद्यावर दाखवला.

खांब वाकडेच.

"हिचाही दोष?" मी विचारलं.

तो चिडला. "वर तोंड करून धरली की हिलाही थोडं होतं. तुला फोटोग्राफीतलं काय कळतं?"

"मला खांबातलं कळतं मेल्या! रोज बघते मी ते!"

"थांब, दाखवतोच तुला. टेकडी फोटोत डावीकडे आहे म्हणून खांब उजवीकडे कलतायत. आता कॅमेरा फिरवून टेकडी उजव्या कडेला घेतो. बघ, खांब डावीकडे कलतील. मग तरी गप्प बसशील ना?"

मला गप्प करायला त्यानं कॅमेरा फिरवला, फोटो काढला आणि पडद्यावर वाकला. वाकलेलाच राहिला.

"काय झालं?"

त्यानं पडदा माझ्याकडे केला. टेकडी आता उजव्या कडेला होती आणि खांब तरीही उजवीकडेच, घराकडेच कलले होते. आम्ही दोघांनी एकदमच मान वर करून कॅमेऱ्याशिवाय टेकडीकडे बघितलं. इतके दिवस तिथे उभं राहून साध्या डोळ्यांनी बघायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. खांब डोळ्यांनाही तसेच दिसत होते. वर मृगाचे तारे निघाले, पण भावानं त्या दिवशी एकही तारा टिपला नाही.

सकाळी टेकडीवर चढलो. वरच्या बाजूला, कलमांच्या कुंपणाजवळ, जमिनीला आडवी चीर गेली होती. पाचोळ्यानं भरलेली, म्हणून कोणाला दिसली नव्हती. भावानं काठी घातली ती आत गेली, गेली, आणि मूठ जमिनीला टेकली.

गावात सांगितलं. माणसं आली, बघून गेली, वर कळवतो म्हणाली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "टेकडी काय आजची आहे होय? तुझ्या भावाच्या नळकांड्यानं गावाला घोर लावलान." ह्यांना बोटीवर फोन केला तर हे हसलेच. "अगो, फोटोत वाकडं दिसलं म्हणून कोणी घर सोडतं? कोकणात सरळ काय असतं?"

मी मात्र आगोटीच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीबरोबर बॅगाही भरल्या आणि मृगाचा पाऊस लागायच्या आधी रत्नागिरीत एक खोली घेतली. रविवारी वाडीत जाऊन घर झाडून यायची. लोकांनी माझं नाव 'लेन्सवाली' ठेवलं. जून गेला, जुलै आला, टेकडी जागच्या जागी. मला तिचा राग येऊ लागला. खरंच सांगते, एकदा मनात आलं, पडायचं तर पड एकदाची, निदान मी वेडी नाही हे तरी लोकांना कळेल! आणि लगेच जीभ चावली.

एका रविवारी मागचं दार लागेना. सुताराला बोलावलं. त्यानं रंधा मारला, म्हणाला, लाकूड पावसानं फुगलंय. पुढच्या रविवारी ते पुन्हा अडलं.

त्याच आठवड्यात हे सुट्टीवर आले. बसमधून उतरले ते थेट वाडीत. मी धावत मागून गेले. "मी माझ्या घरात झोपणार," हे म्हणाले, "तुला यायचं तर ये." पाऊस कोसळत होता, पऱ्या गढूळ होऊन उसळत होता. मी चपला घालूनच ओटीवर उभी राहिले. उभं आयुष्य ज्या घरासाठी माणूस पाण्यावर राहिला, त्याला त्यातून बाहेर ये कसं म्हणायचं?

ह्यांनी मागचं दार ढकललं, खांदा लावला, शिवी घातली. मग मधल्या खोलीत येऊन चपला काढल्या आणि अनवाणी, पाय थोडे फाकवून, डोळे मिटून उभे राहिले. मला कळेना हे काय चाललंय. बराच वेळ तसेच उभे होते. मग आठवलं, बोटीवरच्या माणसाच्या पायांना जमीन कलल्याचं कळतं, हे त्यांनीच मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं.

डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. माझं खरं ठरलं की मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. आता वाटत होतं, ह्यांनी हसावं, मला वेडी म्हणावं, चहा टाक म्हणावं.

हे देवघरासमोर गेले. खाली बसून दिवा लावला, नमस्कार केला. मग एकेक करत सगळे देव ताम्हनात काढून घेतले, ओटीवर येऊन वरून माझा पदर ओढून झाकले आणि ताम्हन माझ्या हातात दिलं.

"चल," म्हणाले, "दिवा राहू दे."