तिसऱ्या पाण्यावर

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे 'सातपाणी' म्हणत. नळी असो की चंचुपात्र, सात पाण्यांतून काढल्याशिवाय त्या कपाटात ठेवत नसत. मी चेष्टा करायचो, "बाई, काच झिजेल." त्या म्हणायच्या, "तुम्ही तुमचं बघा."

त्या सात पाण्यांना कारण होतं. आम्ही ज्या जंतूच्या मागे आहोत, त्याच्याकडे एक एन्झाइम आहे. त्याच्या गाभ्यात जस्त असतं आणि त्या जोरावर ते अँटिबायोटिकचे तुकडे पाडतं. जस्त गेलं की लुळं पडतं. त्याला असं लुळं पाडणारं औषध आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चार वर्षं शोधत होत्या. पंचाईत अशी, की नळ्या ज्या द्रावणात बुडवून ठेवतात तेही धातू ओढून घेतं. त्याचा अंश नळीत राहिला, तर एन्झाइम औषधाविनाच बंद पडतं.

मागच्या महिन्यात बाईंच्या यजमानांना दवाखान्यात ठेवलं. जंतू तसलाच, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. त्याच आठवड्यात आमच्या अठराव्या संयुगाने एन्झाइम जागच्या जागी थांबवलं. आम्ही हरखलो. बाईंनी आलेख माझ्याकडून दोनदा समजावून घेतला.

चार दिवसांनी त्या मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी नळ्या धुताना दवाखान्यातून फोन आला. तिसऱ्या पाण्यावरच हात थांबला माझा. औषध घातलंत ते त्याच नळ्यांत. बिनऔषधाच्या नळ्या जुन्या खोक्यातल्या, सात पाण्यांतून काढलेल्या होत्या."

मला त्यांचा संताप आला. गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. आता त्याची लाज वाटते.

बाईंनी नव्या नळ्या धुतल्या, मोजून सात पाण्यांत. मी पुन्हा अठरावं संयुग घातलं. एन्झाइम मजेत चालू राहिलं.

मॅडमनी वहीत अठराव्या संयुगावर काट मारली. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आमचं एक वर्ष वाचलं."

"मी ह्यांना सांगून बसलेय, औषध सापडलं म्हणून," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून दोन घास जास्त जातात त्यांना."

औषध खरं निघालं असतं, तरी दवाखान्यात पोचायला दहा वर्षं लागली असती. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी हात पुसले आणि दवाखान्यात न्यायचा डबा उचलला.

"आता काय सांगणार त्यांना?" मी विचारलं.

"आज काही नाही. आज जेवू देते."